पेरूतल्या कुस्कोला पहिल्यांदाच जाताय ना, मग हे वाचा
पहिल्या दिवशी म्युझियमच्या मागे धावू नका हो, कुस्को जवळपास ३४०० मीटरवर आहे, एक जिना चढलात तरी धाप लागते, त्यामुळे कोकाच्या पानांचा चहा घ्या आणि प्लाझा दे आर्मासला, म्हणजे मुख्य चौकात, निवांत बसा. दुसऱ्या दिवशी सकाळी 'कोरिकांचा' हे ठिकाण बघा. स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंका लोकांच्या या सूर्यमंदिरावरच स्पॅनिश लोकांनी चर्च बांधलं, १९५० च्या भूकंपात वरचं बांधकाम ढासळलं पण खालच्या इंका भिंती तशाच उभ्या, दगडात दगड बसवलेला, मध्ये चुना नाही की काही नाही, मी तर बघतच राहिले! कॅथेड्रलमधलं लास्ट सपरचं, म्हणजे येशूच्या शिष्यांसोबतच्या शेवटच्या जेवणाचं, चित्रही बघाच, ताटात चक्क भाजलेला गिनीपिग आहे. आणि रस्त्यावर 'बेबी अल्पाका' (लामासारख्या अल्पाका प्राण्याची मऊ लोकर) म्हणून सिंथेटिक स्वेटर गळ्यात मारतात, हात लावून बघा, खरी लोकर गार लागते.