पी०४२० कोड आला म्हणजे कॅटकॉन गेलाच का?

तुमचा प्रश्न असा: पेट्रोल गाडी आहे, खानापूर-बेळगाव रोजची ये-जा, चेक लाइट पेटलाय, स्कॅनरवर पी०४२० (कॅटकॉनची सफाई कमी पडतेय, असा इशारा) येतोय. गॅरेजवाले म्हणतात नवा कॅटकॉन (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) घाला, नाहीतर आतली जाळी फोडून काढतो.

लगेच बदलू नका, आणि जाळी तर अजिबात फोडू देऊ नका. मी उद्यमबागेत हेच काम करतो. या एका कोडपायी लोकांचे पैसे वाया गेलेले बघवत नाहीत.

ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कॅटकॉन दिसत नाही, दिसतात ते दोन ऑक्सिजन सेन्सर: एक इंजिनकडचा, दुसरा कॅटकॉनच्या मागचा. दोघांचं रीडिंग ताडून तो ठरवतो की धुराची सफाई कमी पडतेय. म्हणून आधी सेन्सर खरं सांगतायत का, ते बघायचं.

पहिलं काम लीक शोधायचं. सकाळी गाडी थंड असताना मोकळ्या जागेत सुरू करा आणि कुणाला तरी जाड फडक्यानं सायलेन्सरचं तोंड दोन-चार सेकंद दाबून धरायला सांगा. तुम्ही बॉनेट उघडून मॅनिफोल्डकडं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपाकडं) कान द्या. गॅस्केट (सांध्यातलं सील) फुटलं असेल तर फुस्‌-फुस्‌ असा ठेक्यात आवाज येतो, आणि त्याच जागी पत्र्यावर काजळीचा काळा पट्टा उमटलेला असतो. एवढ्याशा फटीतून धूर बाहेर येतो तसा दोन झटक्यांच्या मध्ये बाहेरचा वारा आतही ओढला जातो. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि ईसीएमचा हिशोब चुकतो. असं असेल तर गॅस्केट बदलून काम भागतं.

मग वायरिंग. आपल्याकडं पावसाळ्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबी भागात, गाडीच्या पोटाखाली पाणी-चिखल लागतोच. मागच्या सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) काढून पिना हिरव्या पडल्यात का बघा. उंदरांनी वायर कुरतडली असेल तर तीही दिसेल. सोबत पी०१३५ किंवा पी०१४१ असेल तर आधी सेन्सरच्या हीटरचं सर्किट तपासा. सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय धड काम करत नाही.

हे सगळं ठीक असेल तर गाडी महामार्गावर संकेश्वरच्या दिशेनं अर्धा तास एकसारख्या वेगानं पळवून आणा. इंजिन गरम असतानाच २५०० आरपीएम धरून स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघा. साध्या प्रकारचा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली नाचतो. मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत राहायला हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला, तर कॅटकॉन खरंच थकलाय. (बऱ्याच नव्या गाड्यांत पुढं एअर-फ्युएल सेन्सर असतो, तो असा नाचत नाही. तिथं फक्त मागच्याकडं लक्ष ठेवा.)

चोर्ला घाटात गाडी ओढत नसेल तर तो वेगळा आजार: जाळी चोंदलीय. पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायचा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेला तर शंका धरा. कॅटकॉनला रबरी हातोडीनं हलकं ठोकल्यावर आत खुळखुळलं, तर सिरॅमिकची जाळी तुटलीय.

आणि थकला असेल तर का थकला, ते शोधल्याशिवाय नवा घालू नका. कॅटकॉन सहसा आपणहून मरत नाही. प्लग किंवा कॉइल गेल्यामुळं इंजिन मिसिंग मारत असेल, तर न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन जळतं आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर त्यातला फॉस्फरस जाळीवर बसतो. चेक लाइट नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घेऊन बंदच करा.

जाळी फोडली की विषारी धूर थेट बाहेर पडतो, आणि गाडीमागं चालणारी पोरं तोच ओढतात. शिवाय कोड कायम राहतो आणि पीयूसीलाही अडचण येते.

खरंच बदलायची पाळी आली तर जुना कॅटकॉन मागून घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्यामुळं भंगारातही त्याला चांगला भाव मिळतो. लाइव्ह डेटाचे आकडे इथं टाकलेत तर बघून सांगतो.