घड्याळ बरोबर, तरी साइन-इन अडते

प्रश्न : संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम घातल्यापासून चॅटचा प्रोग्राम साइन-इन नाकारतो, फोनवर तेच खाते उघडते. काय करावे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पासवर्ड बदलू नये, आधी टाइम झोन पाहावा. तो परदेशी राहिला असताना घड्याळ हाताने जुळवले, तर पडद्यावर कोल्हापूरची वेळ दिसते, पण संगणक आतून जागतिक वेळ कित्येक तासांनी चुकीची धरतो आणि ठरावीक मुदतीची प्रवेश-टोकने (साइन-इनचे तात्पुरते डिजिटल परवाने) त्याला कालबाह्य वाटू शकतात. भारताचा झोन (जागतिक वेळेपुढे ५ तास ३० मिनिटे) निवडून वेळ इंटरनेटवरून जुळवावी. तरीही अडले, तर प्रोग्रामची नवी आवृत्ती घ्यावी, कारण टीएलएस १.० व १.१ हे सुरक्षित जोडणीचे जुने प्रकार २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाले आहेत आणि जुनी आवृत्ती तेच वापरत असू शकते. फायरवॉल (नको असलेल्या जोडण्या अडवणारी सुरक्षा) बंद करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नये.