ढग गडगडले की मूल घाबरते, तेव्हा

‘आभाळ भरून आले की हा पलंगाखाली शिरतो आणि काही केल्या बाहेर येत नाही. असाच भित्रा राहील का हो, मॅडम?’ हा प्रश्न अनेक पालक विचारतात. येथे एका ९ वर्षांच्या मुलाचे उदाहरण, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, देत आहे.

‘घाबरण्यासारखे काही नाही’ असे घरचे त्याला परोपरीने समजावत होते. पण वीज जीव घेऊ शकते हे तो शाळेत शिकला होता, त्यामुळे मोठ्यांच्या सांगण्यावरचा त्याचा विश्वासच उडाला होता. त्याची भीती रास्त होती. तिला करण्याजोगे काम तेवढे मिळाले नव्हते.

प्राण्यांचे त्याला भारी वेड, म्हणून मी आफ्रिकेतील व्हर्व्हेट माकडांचा विषय काढला. बिबट्या आल्याचा सोबत्याचा इशारा ऐकला की ती झाडावर चढतात, गरुडाचा ऐकला की वर पाहून झुडपात शिरतात आणि सापाचा ऐकला की मागच्या पायांवर उभी राहून गवत न्याहाळतात. ‘म्हणजे गरुड आला तर शेंड्यावर बसून उपयोग नाही,’ तो लगेच म्हणाला. (ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेतील हार्डांगरव्हिडा पठारावर वादळात एकत्र गोळा झालेले ३२३ रेनडिअर विजेने दगावले. ते मात्र मी त्याला सांगितले नाही.)

मग विजेसाठी काय करायचे ते ठरवले. आवाज साधारण ३ सेकंदांत १ किलोमीटर जातो, म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून ३ ने भागायचे. मोजलेले सेकंद (भागण्याआधीचे) ३० च्या आत आले की पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जायचे, झाडाखाली मुळीच थांबायचे नाही आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आतच राहायचे. सुरुवातीला तो इतक्या घाईने मोजायचा की एका सेकंदात दोन आकडे संपत; ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायला लावल्यावर लय जमली. गडगडाटाचे रेकॉर्डिंगही आधी अगदी हळू, मग त्याच्या संमतीने आवाज वाढवत ऐकवले.

त्याला ओढून बाहेर काढू नका, बाहेर बसून मोठ्याने मोजायला लागा, एवढेच आईला सांगितले. पुढच्या वादळात पलंगाखालून आवाज आला, ‘आई, चुकलीस, सात झाले!’

कान तो अजूनही झाकतो, त्याला माझी हरकत नाही. मात्र अशी भीती ६ महिन्यांहून अधिक टिकली, किंवा नुसत्या ढगांच्या धास्तीने मूल शाळा, खेळ, झोप टाळू लागले, तर समुपदेशकाकडे नेण्यास उशीर करू नये.