वाचकांचे प्रश्न : जड धनुष्याकडे वळताना

प्रश्न : मी ४५ पाउंडांच्या रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्याने, साइट (नेम धरण्याचे साधन) न लावता, रीतसर परवाना काढून हरणांची शिकार करतो. पुढच्या हंगामात एल्क या मोठ्या हरणाच्या मागावर जाण्याचा विचार आहे. बरोबरचे जुने शिकारी सांगतात की, एवढ्या मोठ्या जनावरासाठी ६० पाउंडांखालचे पारंपरिक धनुष्य हाती धरूच नये. मी थेट ६० पाउंडांचे धनुष्य घ्यावे का?

उत्तर : भार, म्हणजे दोरी ओढायला लागणारा पाउंडांतला जोर, वाढवण्याचा आपला विचार योग्य आहे, मात्र एकदम १५ पाउंडांची उडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपाउंड (चाके बसवलेल्या) धनुष्यात पूर्ण ताणाला भार बराच उतरतो. पारंपरिक धनुष्यात तो नेमका त्याच क्षणी सर्वाधिक असतो आणि नेमही तेव्हाच साधायचा असतो. त्यामुळे धनुष्य ताणता येते की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. ते पूर्ण ताणून, न डगमगता धरता येते का आणि त्यातून सुटलेला दिवसाचा पहिलाच बाण ठरल्या जागी जातो का, हे पाहावे. या कसोटीला उतरणारा सर्वांत जास्त भार हाच आपला शिकारीचा भार होय.

प्रथम आपण आज प्रत्यक्षात किती भार ओढता, ते मोजून घ्यावे. धनुष्यावरचा आकडा २८ इंच ताण (दोरी मागे ओढण्याची लांबी) गृहीत धरून लिहिलेला असतो. त्या टप्प्याजवळ बहुतेक रिकर्व्ह आणि लाँगबो (लांब, साधी धनुष्ये) दर इंचाला साधारण दोन ते तीन पाउंडांनी चढतात वा उतरतात. ज्याचा ताण २६ इंचांवर संपतो, त्याच्या बोटांवर ४५ पाउंडांचे धनुष्य जेमतेम चाळिशीत भरते. ३० इंच ताण असणाऱ्याला तेच पन्नाशीचे लागते. काही आखूड धनुष्ये तर शेवटच्या इंचभरात एकाएकी कडक होतात. मोजण्यासाठी एका लांब बाणावर दर इंचाला खूण करावी, लक्ष्यासमोर उभे राहून नेहमीसारखा ताण घ्यावा आणि धनुष्याच्या पुढच्या कडेशी कोणती खूण येते, ते बाजूला उभ्या असलेल्या मित्राला टिपायला सांगावे. मोजमाप चालू आहे हे जाणवले की माणूस नकळत अर्धा इंच जास्त ओढतो, म्हणून चार-पाच बाण सोडून झाल्यावरच ही खूण पाहावी. मग बो-स्केल (भार मोजण्याचा काटा) लावून तेवढ्याच ताणाला किती पाउंड भरतात, ते पाहावे.

जड धनुष्याचा खरा लाभ वेगापेक्षा बाणाच्या वजनात आहे, आणि याच ठिकाणी पुष्कळांचा हिशेब चुकतो. दर पाउंडामागे १० ग्रेन (बाणाच्या वजनाचे लहान एकक) हे प्रमाण धरले, तर ४५ पाउंडांच्या धनुष्याला ४५० ग्रेनचा आणि ५५ पाउंडांच्या धनुष्याला ५५० ग्रेनचा बाण येतो. दोन्ही धनुष्ये एकाच घडणीची असतील, तर दोन्ही बाणांचा वेग जवळपास सारखाच राहतो. समजा तो सेकंदाला १७५ फूट आहे. मग पहिल्या बाणाची ऊर्जा सुमारे ३१ आणि दुसऱ्याची सुमारे ३७ फूट-पाउंड होते. संवेगही (वजन आणि वेग यांचा गुणाकार) त्याच प्रमाणात वाढतो, आणि फासळीवर आदळलेला बाण पुढे किती खोल शिरणार, हे ठरवण्यात संवेगाचा वाटा मोठा असतो. एल्कसारख्या रुंद छातीच्या जनावराला हा फरक खरोखर उपयोगी पडतो. शिवाय जड बाण धनुष्याची ऊर्जा अधिक प्रमाणात स्वतःकडे घेतो, त्यामुळे दोरीचा आवाजही कमी होतो.

हलका बाण लावून नुसता वेग वाढवण्याच्या नादी मात्र लागू नये. सेकंदाला १७५ फुटांच्या वेगाने २० यार्डांवर पोहोचायला बाणाला साधारण ०.३४ सेकंद लागतात, तर दोरीचा आवाज तेवढेच अंतर सुमारे ०.०५ सेकंदात कापतो. बाणाचा वेग १९० फुटांवर नेला, तरी वाचतात ते जेमतेम ०.०३ सेकंद. सावध हरीण तेवढ्यात खाली दबायचे ते दबतेच. जवळ जाणे आणि धनुष्य शांत ठेवणे, एवढेच तेथे आपल्या हाती असते. दर पाउंडामागे आठ ग्रेनांपेक्षा हलका बाण वापरल्यास बहुतेक पारंपरिक धनुष्यांच्या लिंब्जवर (वाकणाऱ्या भुजांवर) नाहक जोर पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

६० पाउंडांचा आग्रह नियमांनीही धरलेला नाही. उदाहरणादाखल, अलास्कात ब्लॅक-टेल्ड हरीण आणि कॅरिबू यांच्यासाठी किमान ४०, तर एल्क आणि मूस यांच्यासाठी किमान ५० पाउंडांची अट आहे. आपण जेथे शिकार करणार, तेथील अट मात्र आधी वाचून घ्यावी. ती जागोजागी निराळी असते.

न झेपणारे धनुष्य हाती आले की नेम बिघडण्याआधी शरीर तसे सांगू लागते. दोरी ओढताना धनुष्य आकाशाकडे उचलावे लागते, धनुष्य धरलेल्या हाताचा खांदा कानाकडे चढतो, बोट ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच दोरी सुटते, किंवा पूर्ण ताण घेतल्यावर बाणाचे टोक हळूहळू पुढे सरकते. यांतली शेवटची खूण सर्वांत फसवी आहे, कारण ती सोडणाऱ्याला स्वतःला जाणवत नाही. बाजूने कोणी पाहिले तरच कळते. एक इंच आधी सुटलेल्या ६० पाउंडांत ५७ पाउंडच कामाला येतात आणि दर वेळी वेगळे येतात. नेम धरताच दोरी सोडून द्यावीशी वाटण्याची खोड एकदा जडली, की ती घालवण्यात कित्येक महिने जातात. तिची किंमत अखेर पोटात बाण घेऊन रानात भटकणारे जनावर मोजते, म्हणून मी याबाबत इतका आग्रही आहे.

परीक्षा घ्यायची तर शिकारीच्या स्थितीतच घ्यावी. जाड कोट घालून, थंडीत तासभर हालचाल न करता बुटक्या स्टुलावर बसून राहावे. नंतर शरीर न तापवता, बसल्या जागेवरून, धनुष्य वर न उचलता सावकाश ताण घ्यावा, सहा-सात सेकंद धरावा आणि बाण न सोडता तितक्याच सावकाश दोरी परत आणावी. पुन्हा ताणून मग बाण सोडावा. हे जमले तर तो भार आपला झाला.

४५ वरून आधी ५० पाउंडांवर यावे. आपले धनुष्य टेकडाउन (भाग सुटे करता येणारे) असेल, तर फक्त लिंब्ज बदलून भागते. आरंभी नव्या भाराने थोडेच बाण सोडावेत आणि बाकीचा सराव जुन्याच भाराने करावा. अधूनमधून बाण न सोडता नुसता ताण धरून ठेवण्याचा व्यायाम करावा. स्नायू काही आठवड्यांत सरावतात, पण कंडरांना त्याहून पुष्कळ वेळ लागतो. म्हणून दोन महिने सहज गेल्यासारखे वाटले, तरी पुढच्या पायरीची घाई करू नये. कोपरात किंवा खांद्यात टोचल्यासारखी कळ आली, तर त्या दिवशी धनुष्य खाली ठेवावे. इंग्लंडचे धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर यांनी १५४९ मध्ये राजासमोर केलेल्या प्रवचनात सांगितले होते की, वडील त्यांना वय आणि बळ पाहून धनुष्य घेऊन देत आणि ते वाढतील तसे मोठे देत. त्याच काळातल्या, १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोज’ या युद्धनौकेवर सापडलेल्या लाँगबोंचा भार १०० पाउंडांच्याही पुढे असल्याचा अंदाज आहे. ती धनुष्ये ओढणारी माणसे लहानपणापासून अशीच चढत गेली होती.

भार बदलला की बाणही बदलावा लागतो. ५०० स्पाइनचा बाण म्हणजे ठराविक वजन टांगल्यावर ०.५०० इंच वाकणारा; आकडा जितका लहान, तितका बाण ताठ. जड धनुष्याला अधिक ताठ बाण हवा, आणि टोकाला वजनदार ब्रॉडहेड (शिकारीचे धारदार पात्यांचे टोक) लावल्यास त्याहूनही ताठ. बाण वाकडा उडू लागला, तर वाढवलेल्या पाउंडांचा निम्मा लाभ तेथेच जातो.

एल्कसाठी आपल्याला माझा सल्ला असा : पक्के हातात बसलेले ५० ते ५३ पाउंड, ५५० ग्रेनच्या आसपासचा बाण, आणि दोन पात्यांचे, स्थिर, अंगावरचे केस उतरतील इतके धारदार ब्रॉडहेड. २० यार्डांच्या आत, जनावर आडवे किंवा किंचित पाठमोरे असतानाच बाण सोडावा.

प्रश्न : माझा ताण २६ इंच आहे आणि जुन्या दुखापतीमुळे ४० पाउंडांपुढे जाता येत नाही. हरणासाठी एवढे पुरेल का?

उत्तर : धनुष्यावर ४० लिहिलेले असेल, तर आपल्या ताणाला ३५ च्या आसपासच भार येत असेल, म्हणून आधी तो मोजावा. मोजून खरोखर ४० भरत असेल आणि तेथील नियम परवानगी देत असतील, तर १५ यार्डांच्या आत, धारदार दोन पाती ब्रॉडहेड वापरून हरणाच्या दोन्ही फुप्फुसांतून बाण जाऊ शकतो. आदळल्यावर उघडणारी यांत्रिक ब्रॉडहेड मात्र टाळावीत, कारण उघडण्यातच त्यांची ऊर्जा खर्च होते आणि आपल्याकडे ती शिलकीत नाही. खांद्याचे हाड वाटेत येत असेल, तर बाण सोडू नये. दुखऱ्या खांद्यावर भार वाढवण्यापेक्षा आणखी पाच यार्ड जवळ जाण्याचा सराव आपल्याला अधिक उपयोगी पडेल.