यकृत, औषधं आणि नायट्रोजनची कडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईने मशेरी सोडून दोन दिवस झाले, तरी लघवीत कोटिनीन (निकोटीनपासून शरीरात बनणारा पदार्थ) सापडलं. तपासणी चुकली का?

उत्तर : नाही. मशेरीतलं निकोटीन हिरड्यांतूनच रक्तात शिरतं. यकृतातलं सीवायपी२ए६ हे एन्झाइम त्याच्या रेणूतल्या पाच अणूंच्या कडीत (अणूंच्या वर्तुळात) नायट्रोजनशेजारच्या कार्बनवर घाव घालतं आणि मग अल्डिहाइड ऑक्सिडेज त्याचं कोटिनीन बनवतं. निकोटीनची रक्तातली पातळी साधारण २ तासांत निम्मी होते, कोटिनीनला मात्र १६ तासांच्या आसपास लागतात. म्हणजे ४८ तासांनंतरही आठवा हिस्सा उरतोच. सीवायपी२ए६चा वेग माणसागणिक बदलतो, तेव्हा आठवड्याने पुन्हा तपासा. आणि आईंना शाबासकी द्या, कारण हेच दिवस सगळ्यात अवघड असतात.

प्रश्न : मी बी. फार्म.ला आहे. औषधांच्या ऑक्सिडेशनमध्ये सगळा भर पी-४५० वर (सीवायपी२ए६ ज्यातलं, त्या एन्झाइमांच्या कुटुंबावर) असतो. अल्डिहाइड ऑक्सिडेज वेगळं काय करतं?

उत्तर : पी-४५० ऑक्सिजन घेतं तो श्वासातल्या ऑक्सिजनमधून, अल्डिहाइड ऑक्सिडेज घेतं पाण्यातून, मॉलिब्डेनमच्या मदतीने. कडीतला नायट्रोजन शेजारच्या कार्बनकडचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि नेमका तोच कार्बन या एन्झाइमला हवा असतो. सशाच्या यकृतात क्विनीनचं ऑक्सिडेशन करणारं एन्झाइम हेच, असं नॉक्स यांनी १९४६ मध्येच दाखवलं होतं.

तरीही कार्बाझेरान या हृदयाच्या औषधाने संशोधकांना फसवलं. कुत्र्याला तोंडाने दिलं तर ते छान टिकायचं, कारण कुत्र्याच्या यकृतात हे एन्झाइम जवळपास नसतंच. माणसाच्या यकृतात ते भरपूर असतं, त्यामुळे औषध शरीरभर पोचण्याआधीच संपलं. माझ्या मते हे उदाहरण प्रत्येक फार्मसीच्या वर्गात शिकवायलाच हवं. प्रयोगशाळेत एक ध्यानात ठेवा : नुसते मायक्रोसोम (पेशी फोडून वेगळे काढलेले पडद्यांचे तुकडे) वापरले तर हे एन्झाइम हाती लागणार नाही, कारण ते पेशीद्रवात असतं. माणसाच्या यकृताच्या अख्ख्या पेशी वापरा.

प्रश्न : मी अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेतो. आता युरिक अ‍ॅसिडसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून दिलंय. चालेल?

उत्तर : दोन्ही डॉक्टरांचं बोलणं झाल्याशिवाय सुरू करू नका. अ‍ॅझाथायोप्रिनपासून शरीरात मर्कॅप्टोप्युरिन तयार होतं. त्याची विल्हेवाट झँथिन ऑक्सिडेज लावतं, जे अल्डिहाइड ऑक्सिडेजचंच भावंड. अ‍ॅलोप्युरिनॉल त्यालाच अडवतं. मर्कॅप्टोप्युरिन साचतं, अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. दोन्ही औषधं द्यावीच लागली तर अ‍ॅझाथायोप्रिनचा डोस साधारण चतुर्थांशावर आणतात आणि रक्त वरचेवर तपासतात. फेब्युक्सोस्टॅट हा पर्यायही नाही, तेही याच एन्झाइमला रोखतं. डोस स्वतःहून बदलू नका. दोन्ही चिठ्ठ्या घेऊन आजच फोन करा.