विकिपीडियावरच्या लेखाला गुण कोण देतं?

प्रश्न : पानशेतच्या पुरावर मी इंग्रजी विकिपीडियात लेख लिहिला. अजून कोणी वाचलाही नसेल, तरी एका साधनात त्याची श्रेणी ‘स्टार्ट’ दिसते. ही कोणी दिली? – एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : यंत्राने. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०१५ मध्ये लेखांचा आणि बदलांचा दर्जा यंत्राने जोखणारी ‘ओरेस’ ही सेवा सुरू केली. पुढे तिची जागा ‘लिफ्ट विंग’ने घेतली. संपादकांनी ‘स्टब’ (अगदी त्रोटक) पासून ‘फीचर्ड’ (सर्वोत्तम) पर्यंत श्रेण्या दिलेले लेख दाखवून त्यातल्या मॉडेलला, म्हणजे अंदाज बांधणाऱ्या संगणकी प्रणालीला, शिकवलं गेलं; ‘स्टार्ट’ ही ‘स्टब’च्या वरची पायरी. ते लांबी, संदर्भ, मथळे, दुवे, चित्रं मोजतं आणि लेख कोणत्या श्रेणीत बसण्याची शक्यता किती, ते सांगतं. तुमच्या सलग मजकुराचे ‘कारणे’, ‘नुकसान’, ‘पुनर्वसन’ असे भाग पाडून बघा. एकही नवी माहिती न घालता अंदाज वर सरकू शकतो.

प्रश्न : मग कसलेही संदर्भ चिकटवले तरी गुण वाढतील? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : वाढू शकतात, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. मॉडेल संदर्भाच्या खुणा मोजतं, संदर्भ उघडून वाचत नाही. पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ रोजी. लेखात १९६२ लिहा, गुण जागचे हलणार नाहीत. चूक सापडेल ती वाचणाऱ्या माणसालाच. म्हणून गुणांवरून लेखाचा खरेपणा ठरवू नका. कोणता लेख आधी हातात घ्यायचा, एवढं ठरवायला मात्र ते फार उपयोगी आहेत. वाचक भरपूर आणि गुण कमी, असे लेख शोधा आणि तिथे वेळ घाला.

प्रश्न : मराठी लेखांनाही हेच माप? – एक वाचक, हडपसर

उत्तर : मराठीत माणसांनी श्रेणी दिलेले लेख फार थोडे. त्यासाठी भाषेवर न विसंबणारं वेगळं मॉडेल आहे. ते शब्द वाचतच नाही. लांबी, संदर्भ, चित्रं वगैरे मोजून त्या-त्या भाषेतल्या इतर लेखांशी ताडून बघतं. त्यामुळे ओघवतं मराठी आणि यंत्राने कसंबसं भाषांतर केलेलं मराठी त्याला सारखंच. मराठी लिहिणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

प्रश्न : गुण कमी पडले तर लेख उडवतात का? – एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : नाही. लेख वगळायचा निर्णय माणसं घेतात. एखादा बदल खोडसाळ आहे का, याचा अंदाज देणारं मॉडेल वेगळं. त्याचा या श्रेणीशी संबंध नाही.