फाइल घेऊन फिरण्याचे दिवस

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीसाठी, नोकरी सोडून चार महिने झाले, असं तू नाशिकच्या इंदिरानगरहून लिहिलंस. रोज सकाळी फाइल घेऊन बाहेर पडतेस आणि संध्याकाळी सासूबाईंनी "आज काय झालं गं?" विचारलं की सांगायला काही नसतं. "ताई, हे दिवस वायाच जाणार का? तुम्ही कसे काढलेत?" असा तुझा प्रश्न. ताई म्हणालीस म्हणून मी सरळ 'तू'च म्हणते आणि जरा सविस्तर लिहिते. माझं २०१८ चं जवळजवळ अख्खं वर्ष असंच गेलं आणि आज ओंटारिओत बसून आठवते तेव्हा ते वर्ष मला चांगलं गेलं असंच वाटतं.

सुरुवातीचे दोन महिने मात्र माझेही तुझ्यासारखेच होते. सकाळी पाच कामांची यादी घेऊन निघायचे. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ नोटरी, तिथून बँक, तिथून महापालिकेचं विभागीय कार्यालय, मध्येच झेरॉक्स. कुठे साहेब जेवायला गेलेले, कुठे सर्व्हर डाऊन. पाचही कामं अर्धी आणि मी पूर्ण दमलेली.

हे माझ्या बाबांनी बदललं. बाबा नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले. आपल्या सगळ्यांच्या पासपोर्टची पुस्तिका तिथेच छापली जाते, स्टॅम्पपेपरही. आयुष्यभर छापील कागदातली चूक शोधणं हेच त्यांचं काम. एक दिवस माझी यादी हातात घेऊन म्हणाले, "एका दिवसाला एकच खिडकी. ती झाली की घरी ये, जेव, झोप. दुसरी उद्या." मला वाटलं, असं केलं तर वर्ष लागेल. प्रत्यक्षात उलट झालं. एकाच कामासाठी निघाल्यावर त्या कामाचे सगळे कागद आदल्या रात्रीच नीट लावले जायचे, त्यामुळे परत पाठवणी कमी झाली. आणि संध्याकाळी सांगायला एक तरी गोष्ट पूर्ण झालेली असायची.

बाबांनी आणखी एक केलं. आणलेला प्रत्येक दाखला ते उजेडाच्या खिडकीशी नेत, चष्मा कपाळावर चढवत आणि माझं नाव शेवटच्या अक्षरापासून उलटं वाचत. सरळ वाचलं की डोळा सवयीने पुढे पळतो, उलट वाचलं की प्रत्येक अक्षरावर थांबावंच लागतं, हे त्यांचं म्हणणं. असंच एकदा एका कार्यालयातून आलेल्या दाखल्यावर माझ्या आडनावातलं एक इंग्रजी अक्षर गळालेलं त्यांना सापडलं. मी तो कागद तीन वेळा वाचला होता! ती दुरुस्ती करायला तीन खेपा झाल्या, प्रतिज्ञापत्र करावं लागलं, मी एकदा रिक्षात रडलेसुद्धा. पण अर्ज भरल्यावर ती चूक निघाली असती तर केवढ्याला पडलं असतं. तुझंही लग्नानंतर नाव बदललेलं असेल, गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर वेगळं असेल, तर आजच सगळे कागद टेबलावर मांडून नावं जुळवून बघ. आपल्याकडच्या नावांचा घोळ हेच निम्मं काम असतं.

आता क्रम. कागदांना वय असतं, त्या वयाप्रमाणे कामं लाव. आपली पदवी कॅनडातल्या कुठल्या पदवीच्या बरोबरीची ते सांगणारं मूल्यांकन पाच वर्षं चालतं, म्हणून ते सगळ्यात आधी. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, तो त्यानंतर. मेडिकल बारा महिने. भारतातच राहत असशील तर इथलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट अर्ज करताना सहा महिन्यांपेक्षा जुनं नको, त्यामुळे ते घाईने आधी काढून ठेवू नकोस. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर उमेदवार निवडायच्या कॅनडाच्या पद्धतीत, अर्जाचं निमंत्रण आलं की साठ दिवसांत अर्ज पूर्ण करावा लागतो. ते साठ दिवस ज्यांनी आधीची कामं संपवलेली असतात त्यांना पुरतात, बाकीच्यांची फार धावपळ होते.

ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या विद्यापीठाच्या अधिकृत नोंदीसाठी, मी पुण्याला गेले होते. पहाटेची एसटी, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत गणेशखिंडीतलं विद्यापीठ. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी माझे कागद पाकिटात घातले, डिंक लावून तळहाताने दाबून धरले आणि पाकिटाच्या जोडावर शिक्का मारला, अर्धा झडपेवर, अर्धा पाकिटावर. शाई ओली होती म्हणून त्यांनी पाकीट दोन मिनिटं पंख्याखाली ठेवायला लावलं. ते पाकीट मी परतीच्या एसटीत सगळा वेळ मांडीवर धरून बसले होते. चार वर्षांचा अभ्यास हातात एवढासा मावतो हे बघून मला भरून आलं. पदवीदान समारंभात असं काही झालं नव्हतं.

काम झाल्यावर लगेच घरी पळू नकोस, एवढं माझं ऐक. मी शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात काम असलं की कॅनडा कॉर्नरपर्यंत चालत जायचे. नाव वाचून दर वेळी बरं वाटायचं. बुधवारी जुन्या नाशकात काम निघालं तर गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीकाठी, बाजारात चक्कर, कोथिंबिरीची जुडी, आईसाठी गजरा. सीबीएसला कोर्टाच्या बाजूला काम असलं की आधी काळ्या रश्शाची मिसळ. नाशकात जन्मले, पण भद्रकालीतल्या गल्ल्या मला त्या वर्षीच कळल्या. आधी फक्त गंगापूर रोड आणि ऑफिस माहीत होतं. इथे आल्यावर मला आठवतं ते नाशिक त्या वर्षातलंच आहे.

मेडिकलसाठी आम्ही दोघं मुंबईला पंचवटी एक्सप्रेसने गेलो. नवरा तेव्हा सातपूरला शिफ्टमध्ये, आम्हाला एकमेकांशी बोलायलाही वेळ नसायचा. त्या गाडीत इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत घाट बघत आम्ही मनातली सगळी भीती बोलून घेतली. तुझ्या नवऱ्यालाही अशा एखाद्या खेपेला सोबत ने, एकटीने सगळं उरकू नकोस.

एजंट करावा का, हेही विचारलंस. फॉर्म तपासून घ्यायला परवानाधारक सल्लागार हवा तर घे, पण खेपा स्वतः घाल. माझं हे मत ठाम आहे. कारण इकडे उतरल्यावर पहिले दोन महिने पुन्हा हेच असतं आणि तेव्हा हाताशी एजंट नसतो. २०१९ च्या मार्चमध्ये आम्ही आलो तेव्हा रस्त्याच्या कडेला घाणेरडं झालेलं बर्फ होतं. पहिल्या दिवशी सिन नंबर, म्हणजे इथे नोकरीसाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर, काढला, फुकट, अर्ध्या तासात. दुसऱ्या दिवशी बँक. तिसऱ्या दिवशी लायब्ररीचं कार्ड, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला इथलं असल्यासारखं वाटलं, कारण त्यावर माझं नाव छापलेलं होतं आणि मी ते नकळत उलटं वाचलं. हेल्थ कार्डाला तेव्हा ओंटारिओत तीन महिने थांबावं लागायचं, मार्च २०२० पासून ती अट काढली. त्या तीन महिन्यांसाठी आम्ही खासगी विमा घेतला होता. बरोबर आलेली काही मंडळी नोकरी मिळेपर्यंत घरात कोमेजून बसली. मला मात्र सवय झालेली होती, सकाळी उठायचं, एक खिडकी, मग त्या भागात एक चक्कर. असं करता करता शहर पाठ झालं, बसचे नंबर कळले, एका गुजराती दुकानात हिरव्या मिरच्या सापडल्या.

एका जुन्या शाळेच्या वहीत मी रोज एक ओळ लिहायचे. तारीख, कुठली खिडकी, काय मिळालं. काहीच मिळालं नाही त्या दिवशी निदान काय कळलं ते, उदाहरणार्थ "बुधवारी दुपारनंतर सही होत नाही". सासूबाईंना तीच ओळ वाचून दाखव. माझ्या सासूबाई पुढे पुढे स्वतः विचारायच्या, "आज वहीत काय?" आणि कुठल्या कार्यालयात ओळखीचं कोण आहे, सेतूत गर्दी कधी नसते, हे त्याच मला सांगायला लागल्या.

तू पाठवलेल्या कागदांच्या यादीत एक गोष्ट दिसली नाही, म्हणून सांगते. पेठ रोडच्या आरटीओतून तुमच्या दोघांच्या लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदीचा उतारा, काढून ठेव, सही-शिक्क्यासह. गाडी चालवण्याचा अनुभव किती वर्षांचा ते त्यावरून कळतं. ओंटारिओत तो अनुभव मान्य झाला तर शिकाऊ लायसन्सवर काढायचे महिने वाचतात. माझा राहिला होता, बाबांना इतक्या लांबून पळावं लागलं. उद्याची खिडकी हीच ठेव. सकाळी लवकर जा, आणि दोघांच्या लायसन्सच्या दोन दोन झेरॉक्स जास्तीच्या ने.